मदत हवी आहे: ट्रेडमिलच्या अभिप्रायांवर कितपत विसंबावे?

घरी वापरण्यासाठी ट्रेडमिल घ्यायची आहे, परंतु ऑनलाइन अभिप्रायांपैकी कोणते ग्राह्य धरावेत हे ठरवणे अवघड जात आहे. पाच तारे दिलेले बहुतेक अभिप्राय यंत्र घरी येताच लिहिलेले दिसतात आणि त्यांत पॅकिंगचे व जोडणीला आलेल्या माणसाचेच कौतुक अधिक असते. पट्टा एका बाजूला सरकणे, सिलिकॉन तेल वेळेवर न घातल्याने घर्षण वाढून मोटार तापणे किंवा कंट्रोलर बोर्ड (मोटारीचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) जळणे, हे मात्र काही महिने वापरल्याशिवाय कळत नाही. तुलनात्मक लेखांखाली अनेकदा खरेदीची लिंक असते आणि विक्रीमागे लेखकाला कमिशन मिळते, मग दोष कोण सांगणार? त्यातही ‘पीक’, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या कमाल अश्वशक्तीचा मोठा आकडा पुढे करून मोटार सलग किती भार पेलते हे गुलदस्त्यातच ठेवणारा लेख मी सरळ बाजूला सारतो.

सध्या दोन-तीन तारे दिलेले अभिप्राय आधी वाचतो, कारण त्यांत तपशील बरा सापडतो. ज्यांनी वर्षभराहून अधिक काळ ट्रेडमिल वापरली आहे, त्यांनी वापरणाऱ्याचे वजन, रोजचा वापर आणि वॉरंटीत दुरुस्तीला प्रत्यक्ष लागलेला वेळ कृपया कळवावा. पैसे देऊन लिहून घेतलेला अभिप्राय आपण कशावरून ओळखता, हेही सांगावे.