जि. प. प्राथमिक शाळा : रोजची कामं आणि गावाचा हात (अनुभव धागा)

धागाकर्ती
जिल्हा परिषदेच्या शाळेची बातमी होते ती एक तर निकाल चमकला की, नाही तर छप्पर गळलं की. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी असा कायदा आहे. या दिवसांत शाळा कशी चालते आणि गावाने नेमका कुठे हात लावला की काम पुढे सरकतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा. मापं, वेळा, क्रम, काय फसतं आणि का फसतं, सगळं चालेल. शाळेच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

मधली सुट्टी
पोषण आहारापासून सुरुवात करते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. ६० मुलं हजर असली तर ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. हजेरीचा आकडा परिपाठ संपताच चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकी ताईंच्या हातात गेला पाहिजे. तोंडी निरोप दिला की बहुतेक वेळा कालचाच आकडा धरला जातो, आणि साठा नोंदवही व कोठीतला तांदूळ यांचा मेळ आठवड्याभरात तुटतो. तांदूळ डब्याने मोजू नका, वजनकाट्यावर मोजा. डबा कधी शिगोशीग भरतो, कधी सपाट. रोज पाव किलो इकडेतिकडे झालं तरी महिन्याला पाच-सहा किलोंचा फरक पडतो आणि उत्तर द्यायची वेळ मुख्याध्यापकांवर येते.

मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवायची, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. थंडीत मोड उशिरा येतात. शक्य असेल तिथे मटकीचा वार सोमवार ठेवू नये, कारण रविवारी भिजवायला शाळेत कोणी नसतं.

मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. ही सही रोज शिक्षकांचीच असते, आणि इथेच गावाला सहज आत घेता येतं. गल्लीप्रमाणे आयांची पाळी लावा, महिन्याची यादी कोठीच्या दारावर चिकटवा. ज्या आईने स्वतः खिचडी खाऊन सही केली, ती मीठ कमी असल्याचं तिथल्या तिथे सांगते. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडतं.

कोठीची किल्ली
वरच्या प्रतिसादाला जोडून. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात आणि गावात 'प्लास्टिकचा तांदूळ आलाय' अशी हूल उठते. ते दाणे तांदळाच्या पिठापासून केलेले पोषणयुक्त दाणे असतात. त्यांत लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व असतं. साध्या १०० दाण्यांमागे साधारण एक, असं ते मिसळलेले असतात. निवडून फेकू नका, आणि चार-चार पाण्यांनी तांदूळ खळखळून धुऊ नका. जूनच्या पहिल्या पालकसभेतच मूठभर तांदूळ ताटात पसरून ते दाणे दाखवावेत. अफवा उठल्यानंतर समजावणं फार जड जातं.

पोती जमिनीवर नकोत, भिंतीलाही टेकलेली नकोत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख लिहा आणि जुनं पोतं आधी फोडा.

दोन शिक्षक चार वर्ग
पट, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या, ६० पर्यंत असला की शिक्षक दोनच. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. ४० मिनिटांची तासिका दोन वर्गांना वीस-वीस मिनिटं अशी वाटली की दोन्हीकडे अर्धवट राहतं. त्यापेक्षा पहिली ५ मिनिटं एका वर्गाला लेखी काम लावून द्या, पुढची ३० मिनिटं दुसऱ्या वर्गाला सलग शिकवा, शेवटची ५ तपासायला ठेवा. पुढच्या तासिकेला उलट. हे फसतं ते फळ्यावर काम उतरवून देण्यात, कारण तिथेच दहा-पंधरा मिनिटं जातात. त्यावर उपाय कामाच्या कार्डांचा. जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, पुढे उदाहरणं, मागे उत्तरं. गणिताची २० आणि भाषेची २० कार्डं झाली की बराच काळ पुरतात. कापणं-चिकटवणं गावातली कॉलेजची मुलं दोन संध्याकाळांत करून देतात. मजकूर मात्र शिक्षकानेच लिहावा.

एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाकडे येतात. त्या दिवसाचं वेळापत्रक आधीच लिहून भिंतीवर असावं. एकत्र वाचन, परिसरातली मोजमापं, गोष्ट, खेळ असे चौघांना मिळून चालणारे विषय त्या दिवशी घ्यायचे. नवीन पाठ नको.

समिती सदस्य (पालक)
शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असायला हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. कागदावर हे सगळीकडे असतं. सभा दुपारी एकला ठेवली की मजुरीवर जाणाऱ्या आया येऊ शकत नाहीत आणि सही घ्यायला रजिस्टर घरोघर फिरतं. सभा संध्याकाळी सहानंतर ठेवा. विषय तीनच ठेवा आणि प्रत्येक विषयापुढे कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे नावानिशी लिहा. पुढच्या सभेची सुरुवात तेच वाचून करायची. 'गावाने सहकार्य करावे' असा ठराव झाला तर कोणीच काही करत नाही. 'नळाच्या तोट्या तीन, बसवणार अमुक, शनिवारपर्यंत' असा झाला तर तोट्या बसतात.

लोकवर्गणी रोख आली तर पावती त्याच वेळी फाडा, पैसे समितीच्या खात्यात भरा, आणि जमा-खर्च दर्शनी फलकावर खडूने लिहा. देणगीदारांची यादी रकमेप्रमाणे लावू नये. ५० रुपये देणाऱ्या बाईंचं नाव तळाला गेलं की पुढच्या वेळी त्यांना दारात यायला संकोच वाटतो. नावं अकारविल्ह्याने लिहा.

ऊसपट्टा
बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावांत दिवाळीच्या सुमारास वर्ग अर्धे होतात. आईबाप ऊसतोडीला जातात ते थेट मार्च-एप्रिलला परततात. जाणाऱ्या मुलांची यादी दसऱ्याआधी तयार हवी. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली की त्या कुटुंबाचं जाणं ठरलेलं असतं, त्यामुळे मुकादमालाच विचारावं: कोणता कारखाना, कोणता तालुका, कोणत्या तळावर टोळी उतरणार.

पहिला प्रयत्न मूल आजी-आजोबांकडे गावातच ठेवण्याचा. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण प्रस्ताव वेळेत गेला तरच. उशिरा मंजुरी आली की तोवर मूल फडावर पोचलेलं असतं. आजी थकलेली असेल तर संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं शेजारचं एक घर समितीने ठरवून द्यावं.

मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड सोबत द्या. त्यावर तिकडच्या शाळेत त्याला बसवून घेतात. कार्ड पेटीच्या तळाशी राहतं ही नेहमीची अडचण. म्हणून त्याचा फोटो बापाच्या फोनमध्ये पाठवा आणि तिकडच्या शाळेला किंवा केंद्रप्रमुखांना स्वतः फोन करा. मूल परतल्यावर त्याला नापासाच्या नजरेने न पाहता पहिला आठवडा फक्त वाचन आणि संख्याज्ञान तपासावं. गेलेल्या महिन्यांचा सगळा अभ्यास वहीत उतरवून घ्यायला लावणं ही त्याला शाळेतून घालवण्याची खात्रीची वाट आहे, आणि हे मी अगदी कळकळीने लिहितोय.

अंगणवाडी ते पहिली
पहिलीत येणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात टेबलं सात असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. भाषेच्या टेबलावर हमखास रांग लागते, कारण चित्र पाहून बोलायला मूल वेळ घेतं. तिथे दोन स्वयंसेवक बसवा. आया मुलाच्या वतीने उत्तरं देतात, म्हणून त्यांची खुर्ची मुलाच्या मागे ठेवा. विकासपत्रावर, म्हणजे मुलाला काय येतं त्याच्या नोंदीच्या कागदावर, जे दिसलं तेच लिहा. पहिल्या मेळाव्यात सगळ्यांना 'येते' लिहून ठेवलं तर जूनच्या मेळाव्यात तुलना कशाशी करणार?

उत्तरपत्रिका
शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही पूर्ण मिळत नाही. हुशार मुलांचे गुण बरेचदा जातात ते वर्तुळं रंगवण्यात. एक प्रश्न सोडला आणि खालचं उत्तर त्याच्या ओळीत गेलं की पुढची सगळी ओळ सरकते. सरावात दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायची सवय लावा. छापील उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स प्रती हा वर्गणीतला सर्वांत उपयोगी खर्च आहे, आणि सरावही पेनानेच घ्या.

रंगारी
बोलक्या भिंती, म्हणजे अक्षरं-अंक-चित्रं रंगवलेल्या शाळेच्या भिंती, पहिल्या पावसातच पोपडे धरतात. कारण जुन्या चुन्यावरच रंग मारलेला असतो. आधी पत्र्याने खरवडा, धुऊन पूर्ण वाळू द्या, प्रायमर लावा, मग रंग. जोत्यालगत ओल चढत असेल तर ती आधी थांबवा, नाही तर खालचा दोन फूट पट्टा रिकामाच सोडा. अक्षरं आणि अंक मुलांच्या नजरेच्या उंचीवर हवेत, म्हणजे साधारण अडीच ते चार फूट. पाहुण्यांच्या उंचीवर काढलेली बाराखडी मुलं वाचत नाहीत.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, अजून येऊ द्या. परसबागेबद्दल कोणी सांगेल का? मे महिन्यात सगळी वाळून जाते, त्याचं काय करतात?

वाफा
वर्षभर हिरवी ठेवायचा हट्ट धरू नये. जूनमध्ये शाळा उघडली की वांगी, टोमॅटो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात खिचडीत पडते. धणे रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे टाकले तर उगवण विरळ होते. शेवटचा वाफा फेब्रुवारीत पेरायचा, म्हणजे परीक्षेआधी काढून होतो. उन्हाळ्यासाठी शेवगा आणि कढीपत्ता ही दोनच झाडं, हात धुण्याच्या पाण्याच्या वाटेवर लावलेली. सुट्टीत ते पाणी बंद होतं, तेव्हा शाळेशेजारच्या दोन घरांना आठवड्यातून दोनदा पाणी घालायला सांगा आणि त्या बदल्यात मेमधल्या शेंगा त्यांच्या. हे समितीच्या एप्रिलच्या सभेत लिहून घ्यावं, नाही तर शेंगांवरून वाद होतो.