पगाराची तारीख जवळ आली की माझा तोल जातो

निळीशाई
९ वर्षांपूर्वी तिघांनी सुरू केलेली आमची कंपनी आज ४१ जणांची आहे. विक्रीतला ३८ टक्के वाटा एकाच ग्राहकाचा. पुढच्या तिमाहीपासून ऑर्डर बंद, असं त्यांनी मागच्या महिन्यात कळवलं. तेव्हापासून पहाटे ३ वाजता डोळा उघडतो आणि पगाराची यादी डोक्यात फिरायला लागते, एकेका नावासकट.

बाहेरून मी शांत दिसते अशी माझी समजूत होती. सोमवारी अकाउंट्सचा मुलगा आला. म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये एक एंट्री दोनदा पडलीय, दुरुस्त करून आणतो." मी त्याच्या हातातले कागद ओढून टेबलावर आपटले. काही पानं खाली पडली. तो वाकला, एकेक पान उचललं, चारही कोपरे जुळवले आणि "सॉरी मॅडम" म्हणून निघून गेला. चूक त्याने स्वतःहून शोधली होती, मी विचारलंही नव्हतं. कोपरे जुळवणारे त्याचे हात अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ध्यान, व्यायाम सगळं करते. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसं समोर उभी असताना, त्या क्षणी डोकं ठिकाणावर कसं ठेवता? आणि टीमला किती सांगता?

रात्रपाळी
त्या क्षणापुरतं सांगते. बोलण्याआधी श्वास सोडा, आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. आत ४ सेकंद, बाहेर ६. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. असे तीनच श्वास अर्ध्या मिनिटात होतात आणि समोरच्याला कळतही नाहीत. याने ऑर्डर परत येणार नाही, पण कागद हातातच राहतात.

जुनीवही
ताई, २२ वर्षं कारखाना चालवतोय. अशी पाळी माझ्यावर दोनदा आली.

पहिल्या वेळी उसनं अवसान आणून फिरत होतो. जो भेटेल त्याला "काळजीचं काही कारण नाही" म्हणायचो. तिसऱ्या आठवड्यात माझे दोन सगळ्यांत चांगले सुपरवायझर सोडून गेले. त्यांतला एक जाताना म्हणाला, "साहेब, तुम्ही काही नाही म्हणता, पण केबिनचं दार दिवसभर बंद असतं." माणसं आपले शब्द कमी ऐकतात, दार जास्त बघतात. तुमच्या त्या मुलानेही सोमवारी तेच बघितलं असणार.

दुसऱ्या वेळी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'माहीत आहे', उजवीकडे 'वाटतंय'. 'सगळं बुडणार', 'लोक सोडून जाणार', 'बाजारात नाव जाणार' हे सगळं उजवीकडे गेलं. डावीकडे उरलं ते चार ओळींचं: बँकेत किती, कोणाकडून येणं किती, देणं किती आणि कधी. त्यावरून १३ आठवड्यांचा रोकड तक्ता केला. प्रत्येक आठवड्याला काय येणार, काय जाणार, शिल्लक किती. तोवर कंपनी बुडेल ही भीती चोवीस तास मानगुटीवर होती. तक्त्याने तिला तारीख दिली: नवव्या आठवड्यात पैसे कमी पडतील. म्हणजे हाताशी आठ आठवडे होते, आणि आठ आठवड्यांत बरंच करता येतं. थकलेली येणी मागता येतात, पुरवठादाराशी मुदतीचं बोलता येतं, पडून असलेला माल काढता येतो. बँकेत खड्डा पडायच्या आधी जावं. पडल्यावर गेलं की बोलण्याचा सूरच बदलतो.

दुसरं म्हणजे वाईटात वाईट काय होईल ते लिहून ठेवा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईआधी, जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती आयझेनहॉवरने मोहीम फसली तर द्यायचं निवेदन स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. दोष सर्वस्वी माझा, असं त्यात होतं. खाली तारीख मात्र ५ जुलै पडली, महिनाच चुकला. इतक्या मोठ्या सेनापतीचं हे वाचून मला फार धीर आला होता. मीही पगार लांबला तर कामगारांना काय सांगायचं ते लिहिलं. चाळीस मिनिटं लागली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपलो.

आणि पहाटे ३ वाजता काहीही ठरवू नका, कोणाला मेल पाठवू नका. सलग १७ तास जागल्यावर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, हे १९९७ साली प्रयोगातून दिसलंय. त्या अवस्थेत आपण गाडी चालवणार नाही, मग कंपनी का चालवायची?

कोराकागद
टीमला सांगण्याबद्दल माझा अनुभव कडू आहे. मी एकदा सगळंच सांगून टाकलं, उपाय हातात नसताना. आठवड्याच्या आत पुरवठादाराने उधारी बंद केली. खोटं बोलू नका, पण स्वतःचं मन हलकं करायला त्यांच्यापुढे बोलू नका. त्यासाठी बाहेरचं एखादं माणूस धरा, ज्याचा पगार तुमच्यावर अवलंबून नाही.

निळीशाई
काल त्या मुलाला बोलावून माफी मागितली. "इट्स ओके मॅडम" म्हणाला, पण उभाच होता. मग त्याला बसवलं आणि दोघांनी मिळून १३ आठवड्यांचा तक्ता केला. दोनदा पडलेली ती एंट्री येण्यांमधली निघाली. ती काढली तशी तूट सातव्या आठवड्यावरून सहाव्यावर आली. सोमवारी तो हेच सांगायला आला होता.

शुक्रवारी सगळ्यांना एकत्र बोलावलंय. सहावा आठवडा सांगू का?

जुनीवही
सांगा. पण आधी बँकेत जाऊन या, म्हणजे आकड्याबरोबर काय करतोय तेही सांगता येईल. पुढची बैठक कधी ते तिथल्या तिथे जाहीर करा आणि त्या दिवशी नवीन काही नसलं तरी घ्या. तक्ता त्या मुलालाच समजावून सांगू द्या.