शिन आंग्यो ओन्शी: आधी कॉमिक वाचू की पिक्चर बघू?

कोरियन लोककथांवरची ही फँटसी सिरीज कोणी वाचलीय का? २००४ चा ॲनिमेटेड पिक्चर आहे तो आधी बघितला तर चालेल का, आणि मूळ कथा माहीत नसली तर काही अडेल का?

उत्तर १:
कॉमिकच आधी वाच. १७ खंड आहेत, २००१ ते २००७ जपानी मासिकात आलेले, पण लेखक युन इन-वान आणि चित्रकार यांग क्युंग-इल दोघेही कोरियन. पिक्चरमध्ये फक्त सुरुवातीचा भाग घेतलाय, नायक मुन्सूचं मागचं सगळं आयुष्य राहूनच जातं.

उत्तर २:
चुनह्यांगची गोष्ट (जुनी कोरियन प्रेमकथा) मात्र आधी माहीत करून घे, खरंच. मूळ कथेत तिचा प्रियकर मोंगर्योंग परीक्षा पास होऊन राजाचा गुप्त निरीक्षक होतो आणि भिकाऱ्याच्या वेषात परत येऊन तिला दुष्ट अधिकाऱ्याच्या तावडीतून सोडवतो. इथे (स्पॉयलर आहे!) तो सुरुवातीलाच मरतो, राज्यच बुडालेलं असतं आणि तिला सोडवायला मुन्सू जातो, मला तर ते वाचून पोटात कालवलं होतं.

उत्तर ३:
मुन्सू हे नाव पण जोसन काळातल्या (कोरियाची जुनी राजवट) खऱ्या पार्क मुन-सूवरून आहे, तो गुप्त निरीक्षक म्हणून लोककथांत फार गाजलेला. आणि गुप्त निरीक्षकाकडची घोडे कोरलेली चकती, मापे, ती खरंच असायची, ती दाखवून सरकारी ठाण्यावर घोडे मिळायचे, कॉमिकमध्ये तिच्यातून अख्खं भुतांचं सैन्य निघतं. पिक्चर नंतर बघ पण बघच, जपान आणि कोरियाने मिळून केलाय.