फराळाच्या स्टॉलवर पाचशेची खोटी नोट आली, रविवारी पुन्हा स्टॉल आहे

चकलीवाली:
सोसायटीच्या वाचनालयाला कपाटं घ्यायचीत म्हणून आम्ही सहा जणींनी फराळाचा स्टॉल लावला. गल्ला माझ्याकडे. सात ते आठ नुसती झुंबड. सोमवारी भरणा करायला गेले तर कॅशियरनं एक पाचशेची बाजूला काढली, शिक्का मारला आणि पावती हातात दिली. नोटही गेली, पैसेही. पाचशे गुपचूप पदरचे घातले. आता रविवारी काय बघू? मशीन परवडणार नाही. आणि गल्ल्यातल्या आणखी एका नोटेच्या नंबरात चांदणी आहे, तीही खोटीच का?

जुना रोखपाल:
चांदणीची नोट खरी. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी ती घालतात; पाचशेत २०१६ पासून आहे. आमच्या काउंटरवर लोक ती तावातावानं परत करायचे!
रांग असताना दोनच गोष्टी करा. नोट तिरपी धरा: धागा हिरव्याचा निळा दिसतो, खाली उजवीकडचा पाचशेचा आकडाही तसाच. मग डाव्या-उजव्या कडेवरून अंगठा फिरवा, पाच-पाच उठावाच्या रेघा लागतात. मळकी नोट असेल तर उठाव झिजलेला असतो, तेव्हा उजेडात धरून उजवीकडच्या कोऱ्या जागेत गांधीजी दिसतात का बघा.

चकलीवाली:
धागा सहीपासून लांब, गांधीजींच्या जवळ असला तर खोटी, असं आमच्या ग्रुपवर फिरतंय.

जुना रोखपाल:
थाप आहे. दोन्ही नोटा चालतात.

वाण्याचं दुकान:
काका नोट बघतात, मी गिऱ्हाईक बघतो. चाळीसची चिवड्याची पुडी, पाचशेची अख्खी नोट आणि वर "लवकर करा हो" असली घाई, की मी मुद्दाम सावकाश होतो. सुट्टे मोजून देईपर्यंत नोट टेबलावरच ठेवायची, गल्ल्यात नाही. एकदा आत गेली की कुणाची होती ते देवालाही सांगता येत नाही. पाचशेच्या वेगळ्या डब्यात टाका.

चकलीवाली:
हे पटलं. आमच्यातली एक म्हणाली, बँकेत कशाला नेलीस, भाजीवाल्याकडे खपवायची होतीस.

जुना रोखपाल:
तिला सांगा, खोटी आहे हे माहीत असून चालवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७९ लागतं. बँकेत एकाच भरण्यात चारपर्यंत निघाल्या तर महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवतात, पाच झाल्या की थेट एफआयआर. तुमची एकच होती, पावती जपून ठेवा. आणि हो, गल्ल्यावर कोरडे हात लागतात, तेलकट बोटांना उठाव कळत नाही.

चकलीवाली:
म्हणजे रविवारी चकल्या दुसऱ्या कुणीतरी तळायच्या. बघते कोण तयार होतंय ते.