टॉमकॅट हा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आहे की नुसता कंटेनर?

नवखा_जावावाला:
मंडळी, कॉलेजात जे२ईई (जावात मोठी अ‍ॅप्स बनवायचे ठरलेले नियम नि एपीआय) शिकवलं, ऑफिसात कोणी जावा ईई म्हणतं कोणी जकार्ता ईई, आणि आमचे सिनियर म्हणतात टॉमकॅट हा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर नाहीच, मग रोज आम्ही वॉर फाइल (बांधून तयार केलेलं वेब अ‍ॅप) टाकतो ती कशात? त्यात टॉमकॅट ९ वर मस्त चालणारं अ‍ॅप १० वर टाकलं तर जावाएक्स.सर्व्हलेटचा (सर्व्हलेट म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास) क्लास सापडत नाही म्हणतंय. जुनी सर्व्हलेट एपीआयची जार (क्लासचं गाठोडं) लिबमध्ये कोंबली तर चालेल का?

जुनं_खोड:
नको कोंबू. क्लास सापडेल, पण टॉमकॅट १० त्याला सर्व्हलेट मानणारच नाही, कारण त्याला आता जकार्ता.सर्व्हलेटवालाच ओळखता येतो.
नावांचं म्हणशील तर सगळं एकाच घरातलं. सन या कंपनीने १९९९ मध्ये जे२ईई काढलं, २००६ ला पाचव्या व्हर्जनपासून ते जावा ईई झालं. मग सन ओरॅकलकडे गेली, ओरॅकलने २०१७ ला हे सगळं एक्लिप्स फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेला द्यायचं ठरवलं पण जावा हा ट्रेडमार्क काही सोडला नाही, म्हणून २०१८ ला जकार्ता हे नाव आलं. जावाएक्स पॅकेजात नवीन काही घालायला पण परवानगी नाही, मग २०२० च्या शेवटी जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचीच नावं बदलली. वकिलांचं भांडण आणि इम्पोर्ट बदलत बसायचे आपण 😀

थ्रेड_डंप:
सिनियर बरोबर बोलतायत. टॉमकॅट हा सर्व्हलेट कंटेनर, म्हणजे रिक्वेस्ट घेणं, सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट बनवणं, थ्रेड देणं, सेशन सांभाळणं, शिवाय जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा घालून बनवलेली पानं) आणि वेबसॉकेट (उघडं राहणारं दुतर्फा कनेक्शन). ईजेबी (बिझनेस लॉजिकचे कंपोनंट), जेएमएस (मेसेज पाठवायची एपीआय) वगैरे त्यात नाही, ते पाहिजे तर वाइल्डफ्लाय किंवा ग्लासफिश, त्यांना फुल अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणतात आणि ते ईएआर फाइल (अनेक वॉर-जार एकत्र बांधलेली) पण घेतात. पण खरं सांगू का, स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये टॉमकॅटच जारच्या पोटात बसतो, त्यामुळे बऱ्याच टीमना त्या मोठ्या सर्व्हरची गरजच पडत नाही.
आणि हो, सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट सहसा एकच असतो, थ्रेड अनेक. त्यात युजरचं नाव इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये ठेवलंस तर एकाचं दुसऱ्याला दिसेल.

नवखा_जावावाला:
भारी! मग सगळीकडे जावाएक्स शोधून जकार्ता करून टाकतो.

जुनं_खोड:
अरे थांब! जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो, जावाएक्स.नेमिंग हे जेडीकेमधलेच (जावाच्या मूळ किटमधले) आहेत, ते तसेच राहतात. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स (डेटाबेसमध्ये ऑब्जेक्ट साठवायची एपीआय) असलेच बदलायचे. आणि स्प्रिंग बूट २ असेल तर ते अजून जावाएक्सवरच आहे, ३ ला जायचं तर किमान जावा १७ लागेल.
घाई असेल तर वॉर वेबअ‍ॅप्स-जावाईई फोल्डरमध्ये टाक, टॉमकॅट १० स्वतःच कन्व्हर्ट करून घेतो. तो फोल्डर आधी बनवावा लागतो.