विहिरीचं पथक आधी

एकांनी लिहिलंय की मराठवाड्यातल्या प्रत्येक नगरपालिकेच्या अग्निशमन दलात बोटींचं वेगळं पथक हवं. सप्टेंबर २०२५ चा पूर पाहिल्यावर त्यात वाद नाही. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, ५ वी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिथून नांदेडला यायचं म्हणजे अख्खा दिवस गेलाच समजा.

पण पूर काही बारमाही नसतो, विहिरी असतात. उन्हाळ्यात गाळ काढायला एक जण उतरतो, गुदमरून पडतो, मग त्याला काढायला भाऊ, मग चुलता. खाली डिझेल इंजिन चालवलेलं असलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासच नसतो. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की श्वसनयंत्राशिवाय उतरायचंच नाही, हा नियम. कंदील सोडून बघायची जुनी रीतही इथं फसवते, कारण कार्बन मोनॉक्साइडनं तो विझत नाही.

म्हणून विहिरीतून माणसं काढणारं पथक आधी हवं. त्याला लागतं काय? गॅस मोजायचं यंत्र, पाठीवरचे हवेचे सिलिंडर, दोर सोडायला तीन पायांची तिवई, अंगाला बांधायचे पट्टे (हार्नेस), हवा ढकलणारा ब्लोअर. बोट आणि तिच्या इंजिनाच्या मानानं फार मोठा खर्च नाही. खरी अडचण माणसांची. कंत्राटी पोरं, आज इथं तर उद्या दुसरीकडं. सराव कुणाचा घेणार? सिलिंडरही वेळेवर भरून ठेवावे लागतात, नाहीतर पंचनाम्यात नुसती नोंद.

तोवर गावातल्या यारीवाल्यांना (विहिरीतला गाळ-दगड यारीनं वर ओढणाऱ्यांना) तरी प्रशिक्षण द्या. अग्निशमनची गाडी यायच्या आधी तेच तिथं असतात.