केव्हीएमवरचे तीन सर्व्हर एकाच वेळी थांबले: जागा नेमकी कुठे गेली?

प्रश्न
माझ्या लिनक्स यंत्रावर केव्हीएम (एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची लिनक्सची सोय) वापरून सहा आभासी सर्व्हर चालतात. होस्टची, म्हणजे या मूळ यंत्राची, डिस्क ५०० जीबीची असून प्रत्येक सर्व्हरला १०० जीबीची क्यूकाऊ२ फाइल (सर्व्हरची आभासी डिस्क) दिलेली आहे. काल त्यांपैकी तीन सर्व्हर अचानक ‘पॉज्ड’ अवस्थेत गेले, आणि पुन्हा सुरू केल्यावर क्षणभरात परत थांबले. आत पाहिले असता एकाही सर्व्हरने ३० जीबींपेक्षा जास्त जागा वापरलेली नव्हती. मग अडचण कुठे असावी?

उत्तर १
होस्टची डिस्क भरलेली असणार. क्यूकाऊ२ फाइल लागेल तशी वाढते, म्हणूनच ५०० जीबीत ६०० जीबींचे वचन देता येते. परंतु सर्व्हरच्या आत एखादी फाइल पुसली तरी ती जागा आपोआप होस्टकडे परत येत नाही, त्यामुळे आतून ३० जीबी दिसणारी डिस्क बाहेरून ९० जीबी व्यापून बसलेली असू शकते. होस्टवर जागा संपली की सर्व्हरला लेखनातील चूक न कळवता क्यूएमयू (केव्हीएमसोबत आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम) त्याला थांबवून ठेवते, आणि हे वर्तन योग्यच आहे. आधी होस्टवरच्या जुन्या आयएसओ फाइली व लॉग हटवून थोडी जागा मोकळी करा, मग सर्व्हर पुढे चालू करा. अडलेले लेखन तेथूनच पुन्हा होईल.

उत्तर २
वरील उपाय तात्पुरता आहे. सर्व्हरच्या व्याख्येत (त्याच्या मांडणीच्या नोंदीत) डिस्कसाठी ‘डिस्कार्ड’चे मूल्य ‘अनमॅप’ करा, म्हणजे आत मोकळी झालेली जागा होस्टकडे परत जाऊ शकेल, आणि आतल्या व्यवस्थेत ‘एफएसट्रिम’ (ट्रिम करणारी, म्हणजे मोकळी जागा खाली कळवणारी आज्ञा) दर आठवड्याला चालेल असे पाहा. हा बदल लागू होण्यासाठी आतून रीबूट करणे पुरत नाही, सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. परिणाम तपासताना ‘एलएस’ या आज्ञेने दाखवलेल्या आकारावर विसंबू नका, डिस्कवर प्रत्यक्ष व्यापलेली जागा दाखवणारी ‘डीयू’ वापरा. फाइलीच्या आत जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी) असतील तर त्यांनी धरून ठेवलेली जागा ट्रिमने सुटत नाही. आणि स्नॅपशॉटलाच बॅकअप समजण्याची सवय असेल (ती पुष्कळांना असते), तर मूळ फाइल बिघडल्यास तिच्यातील स्नॅपशॉटही तिच्यासोबतच जातात, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्नकर्ता
‘डीयू’ने एका फाइलीचा आकार ९६ जीबी दाखवला, तिच्यात चार विसरलेले स्नॅपशॉट निघाले. ते काढून ट्रिम चालवल्यावर ती ३४ जीबींवर आली. उरलेल्या पाच सर्व्हरांचे काम आज रात्री करतो.